अबुल कासिम अल-जहरावी: पायांच्या फुगलेल्या नसांचा इलाज हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवणारे जर्राह

मागच्या उन्हाळी सुट्टीत आमच्या खालांच्या पायावर इलाज झाला. कित्येक वर्षांपासून त्यांच्या डाव्या पोटरीवरच्या नसा दोरखंडासारख्या फुगल्या होत्या. नमाजला किंवा चुलीपुढे जास्त वेळ उभं राहिलं की पाय जड व्हायचा, रात्री गोळे यायचे. मग घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी काळवंडली, खाज सुटली आणि शेवटी जखम झाली. ती जखम त्यांनी सात-आठ महिने सलवारखाली लपवून ठेवली. घरात मुलं, सुना, जावई सगळे असताना कुणाला पत्ता लागू दिला नाही. पाय कुणाला दाखवायचा, ही एकच शरम.

शेवटी डॉक्टरांकडे नेलं तेव्हा त्यांनी डॉप्लर सोनोग्राफी केली, पडद्यावर खराब झालेली नस दाखवली आणि लेसरने ती बंद केली. चिरफाड नाही, फक्त सुईएवढं छिद्र. सकाळी गेलेल्या खाला संध्याकाळी स्वतःच्या पायाने चालत घरी आल्या. सगळं घर लेसरची तारीफ करत होतं. आम्ही मुलांना इतकंच सांगितलं की फुगलेली नस बारीक वाटेने गाठून निकामी करायची, या कल्पनेच्या इतिहासात आपल्या ओळखीचं एक नाव फार वरच्या जागेवर आहे. मुलांना ते नाव माहीत नव्हतं. इब्ने सीना माहीत होते, अल-जहरावी नव्हते. म्हणून हा लेख.

कुर्तबा आणि मदीनतुज्-जहरा

पूर्ण नाव अबुल कासिम खलफ इब्न अल-अब्बास अल-जहरावी. जन्म साधारण इ.स. ९३६ चा. युरोपातल्या लोकांनी अबुल कासिमचं अल्बुकासिस केलं आणि तिकडच्या वैद्यकाच्या पुस्तकांत ते आजही याच नावाने भेटतात. त्यांच्या नावापुढे अल-अन्सारी असंही येतं. म्हणजे त्यांचं घराणं मूळचं मदिनेच्या अन्सारांपैकी असल्याचं मानलं जाई.

जहरावी हे नाव गावावरून आलं. आजच्या स्पेनचा मोठा भाग त्या काळी अल-अंदलुस म्हणून ओळखला जाई आणि कुर्तबा ही त्याची राजधानी होती. खलीफा अब्दुर्रहमान तिसरे यांनी कुर्तब्याच्या पश्चिमेला आठ किलोमीटरवर डोंगराच्या उतारावर नवं राजनगर बांधायला घेतलं, तेही ९३६ च्या सुमारास. त्याचं नाव मदीनतुज्-जहरा. संगमरवरी खांब, पाण्याचे हौद, बागा, दरबार असा सारा थाट होता. नगर उभं राहत होतं आणि त्याच नगरात हा मुलगा मोठा होत होता.

अब्दुर्रहमान यांच्यानंतर ९६१ मध्ये त्यांचे चिरंजीव अल-हकम द्वितीय गादीवर आले. त्यांना किताबांचा मोठा शौक. त्यांच्या ग्रंथालयात चार लाख पुस्तकं होती असं परंपरा सांगते. आकडा थोडा फुगवलेला धरला तरी कुर्तब्यात कागद, कातिब आणि वाचक यांची कमी नव्हती, हे नक्की. ग्रीक हकीम जालीनूस, म्हणजे गॅलन, यांचे ग्रंथ अरबीत आले होते. सातव्या शतकातले ग्रीक जर्राह पॉल ऑफ एजिना यांचं लेखनही अरबीत उपलब्ध होतं. जहरावींनी हे सगळं वाचलं. त्यांच्या लिखाणात पॉल यांचा मोठा आधार दिसतो. ते अल-हकम यांच्या दरबारी हकीम होते असंही परंपरेने सांगितलं जातं.

त्यांच्या खाजगी आयुष्याविषयी इतिहासकारांनी फार थोडं लिहिलं. इब्ने हज्म यांनी त्यांच्या ग्रंथाची तारीफ केली, अल-हुमैदी यांनी अंदलुसच्या विद्वानांच्या चरित्रसंग्रहात त्यांची नोंद घेतली. बाकी माणूस भेटतो तो त्यांच्या स्वतःच्या किताबीत, रुग्णांच्या हकीकतींतून.

एक किताब, तीस भाग

जवळपास पन्नास वर्षं रुग्ण तपासल्यानंतर, इ.स. १००० च्या आसपास, जहरावींनी एक प्रचंड ग्रंथ पुरा केला. त्याचं नाव थोडक्यात अत्-तसरीफ. त्यात तीस भाग आहेत. रोगांची लक्षणं, औषधं बनवण्याच्या रीती, आहार, सुगंध आणि सौंदर्याचे लेप, सगळं त्यात आहे. ज्याला स्वतः असा ग्रंथ रचता येत नाही त्यालाही एका किताबीवर काम भागवता यावं, हा हेतू नावातच सांगितलेला आहे. आम्हा शिक्षकांना हे चटकन समजतं. चांगलं पाठ्यपुस्तक तेच, जे गरीब विद्यार्थ्याची दहा पुस्तकं वाचवतं.

तिसावा भाग जर्राहीचा. त्यातही तीन हिस्से: पहिला डाग देण्याचा, दुसरा चिरफाडीचा, तिसरा हाडं बसवण्याचा. याच भागाने जहरावींना अमर केलं. त्याचं सर्वांत मोठं वैशिष्ट्य म्हणजे चित्रं. सुमारे दोनशे हत्यारांची चित्रं त्यांनी दिली: सुऱ्या, आकडे, सळया, चिमटे, करवती, दात उपटण्याचे सांडसे. काही हत्यारं जुनी होती, काही त्यांनी स्वतः घडवलेली. गळू फोडण्यासाठी एक सुरी अशी, की तिचं पातं म्यानात दडलेलं असे. रुग्णाला धार दिसू नये, तो घाबरू नये, म्हणून. भूल देण्याची आजची पद्धत यायला तेव्हा साडेआठशे वर्षं बाकी होती. अशा काळात रुग्णाच्या भीतीचा विचार करून हत्यार बनवणारा माणूस काळजाचा किती नरम असेल, हे यावरून कळतं.

जनावरांच्या आतड्यापासून केलेल्या धाग्याने जखम शिवण्याची गोष्ट त्यात आहे. हलणारे दात सोन्याच्या तारेने बांधण्याची आहे. एका नोकर मुलीने स्वतःच्या गळ्यावर सुरी फिरवली, तेव्हा जहरावींना बोलावणं आलं. श्वासनलिका कापली गेली होती, जखमेतून हवा बाहेर येत होती, पण मोठी रग शाबूत होती. त्यांनी जखम शिवली. मुलगी वाचली, फक्त आवाज घोगरा राहिला. त्यावरून त्यांनी निष्कर्ष काढला की गरज पडली तर श्वासनलिकेला छेद देणं लोक समजतात तितकं घातक नाही.

दवाली: द्राक्षवेलीसारख्या नसा

आता मूळ गोष्टीकडे येऊ. व्हेरिकोज व्हेन्सना अरबीत दवाली म्हणतात. हा शब्द द्राक्षवेलीच्या शब्दापासून आला. ज्यांनी नाशिककडे मांडवावर चढलेल्या वेली पाहिल्या आहेत, त्यांना ही उपमा समजावून सांगायला नको. जाड, वाकड्यातिकड्या, गाठी आलेल्या.

जहरावी सांगतात की हा आजार बहुतेक पायांत होतो आणि विशेषतः खूप चालणारे, शेतात राबणारे आणि ओझी वाहणारे यांना होतो. दरबाराच्या छायेत वाढलेल्या या हकीमांची नजर हमालाच्या पोटरीपर्यंत पोचली होती, हे ध्यानात घ्यावं. आज त्या यादीत आम्ही आणखी नावं घालू शकतो: फळ्यासमोर उभे राहणारे शिक्षक, बसचे कंडक्टर, सलूनवाले, हॉटेलातले आचारी, ट्रॅफिक पोलीस, आणि आपल्या घरातल्या बायका, ज्यांना बाळंतपणानंतर हा त्रास वाढतो.

इलाज त्यांच्या आधीही होत होता. रोमचा सेनापती मारियस याने जहरावींच्या हजार वर्षं आधी आपल्या एका पायाच्या नसा कापून घेतल्या होत्या. स्वतःला बांधूनसुद्धा घेतलं नव्हतं. पण एक पाय झाल्यावर दुसरा पुढे करायला तो तयार झाला नाही, अशी हकीकत आहे. गॅलन यांनी आकड्याने नस उचलण्याविषयी लिहिलं होतं, पॉल यांनी नस बांधण्याविषयी.

जहरावींनी हे सगळं एका सुसंगत कृतीत मांडलं. आधी पायावरचे केस काढायचे. मग हमामात किंवा गरम पाण्याने पाय शेकायचा, म्हणजे नसा भरून वर दिसतील. हमाम नसेल तर रुग्णाला जोराचा व्यायाम करायला लावायचा. मग नसेवरची कातडी लांबीच्या दिशेने चिरायची, आकड्यांनी बाजूला धरायची आणि नस चारही बाजूंनी मोकळी करायची. मोकळी झाली की तिच्याखाली सळई घालून, बोथट आकड्याने ती उचलायची. तिथून तीन बोटांच्या अंतरावर दुसरा छेद घ्यायचा, तिथेही तेच. गरजेप्रमाणे तिसरा. मग नस घोट्याकडे कापायची आणि वरच्या छेदातून ओढून घ्यायची, तिथून पुढच्या छेदातून. असं करत सगळी नस बाहेर काढायची. ओढताना ती तुटू द्यायची नाही, कारण तुटलेला तुकडा काढणं फार अवघड आणि रुग्णाला नुकसान. शेवटी जखमेवर औषधात भिजवलेली लोकर बांधायची.

इथे मुद्दा लक्षात घ्या. पूर्ण पाय वरपासून खालपर्यंत फाडत न्यायचा नाही. थोड्या थोड्या अंतरावर छेद घ्यायचे आणि मधली नस कातडीच्या आतून ओढून काढायची. हीच रीत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत नव्या साधनांसह पुन्हा पुढे आली. १९०५ मध्ये केलर, १९०६ मध्ये मेयो आणि १९०७ मध्ये बॅबकॉक यांनी नस ओढून काढण्याची आपापली साधनं मांडली. पुढे स्वित्झर्लंडचे त्वचारोगतज्ज्ञ म्युलर यांनी छेद आणखी लहान करत, इवल्याशा छिद्रांतून बारीक आकड्याने नसा काढायला सुरुवात केली.

अर्थात खोटी बढाई आम्हाला मारायची नाही. जहरावींचे छेद मोठे होते, भूल नव्हती, जंतूंचं ज्ञान नव्हतं. रोगाचं कारणही त्यांनी जुन्या समजुतीप्रमाणे सौदा, म्हणजे काळं पित्त, असंच धरलं. शरीरात रक्त गोल फिरतं हे हार्वे यांनी १६२८ मध्ये मांडलं, आणि नसांतल्या झडपांचं वर्णन त्याच्या थोडं आधी, १६०३ मध्ये, इटलीच्या फॅब्रिशियस यांनी छापलं. खरं कारण या झडपांत आहे. पायातलं रक्त वर हृदयाकडे जाताना या झडपा त्याला मागे पडू देत नाहीत. त्या ढिल्या पडल्या की रक्त खाली साचतं, दाब वाढतो, नसा फुगतात, घोट्याजवळची कातडी खराब होते आणि जखम भरत नाही. खालांच्या पायात हेच झालं होतं.

विद्यार्थ्यांना दिलेली ताकीद

हत्यारांपेक्षा आम्हाला जास्त भावते ती या भागाची प्रस्तावना. जहरावी आपल्या विद्यार्थ्यांना मुलं म्हणून हाक मारतात. त्यांचं दुःख असं की आपल्या मुलुखात जर्राहीचा इल्म नाहीसा होत चाललाय आणि शरीररचना न शिकलेले लोक सुरी हातात घेताहेत. मग ते डोळ्यांनी पाहिलेले किस्से सांगतात. एका अडाणी हकीमाने एका बाईच्या मानेवरची गाठ कापली, मोठ्या रगा तुटल्या, बाई जागीच गेली. दुसऱ्याने म्हाताऱ्या माणसाचा मूतखडा काढताना मूत्राशयाचा तुकडाच ओढून काढला आणि तो माणूस तिसऱ्या दिवशी दगावला. तोच खडा काढायला आधी जहरावींना बोलावलं होतं. खड्याचा आकार आणि रुग्णाची हालत पाहून त्यांनी नकार दिला होता.

म्हणून ते शस्त्रक्रियेचे दोन प्रकार करतात: ज्यात रुग्णाची सलामती आहे तो, आणि ज्यात धोका आहे तो. किताबीत जागोजागी ते धोक्याच्या जागा दाखवतात, आणि पैशाच्या लालचेपेक्षा सावधगिरी मोठी ठेवायला सांगतात.

ते स्वतःच्या ज्ञानाची हद्दही कबूल करतात. एका खेड्यात पुरुषांना जरा जखम झाली तरी रक्त थांबत नसे आणि ते मरून जात. एका मुलाने हिरडी चोळली, तेवढ्याने रक्त सुरू झालं आणि तो गेला. आज ज्याला हिमोफिलिया म्हणतात, त्याची ही सर्वांत जुन्या वर्णनांपैकी एक नोंद. असं दुसरीकडे कुठे पाहिलं नाही आणि कारण ठाऊक नाही, असं त्यांनी सरळ लिहून टाकलं. वर्गात एखाद्या प्रश्नाचं उत्तर येत नसताना विद्यार्थ्यांपुढे ते कबूल करणं किती जड जातं, हे आम्ही रोज अनुभवतो.

शरम आणि इलाज

बायकांच्या मूतखड्याच्या प्रकरणात जहरावींनी जे लिहिलं, ते खालांची गोष्ट घडल्यावर आम्ही पुन्हा वाचलं. हजार वर्षांपूर्वीही हाच प्रश्न होता. इज्जतदार बाई परक्या हकीमासमोर येत नाही, आणि या कामात तरबेज असलेली बाई सहसा मिळत नाही. जहरावींनी यावर त्या बाईला नशिबावर सोडून दिलं नाही. जाणकार बाई किंवा दाई शोधा, तिला बाजूला बसवा, हकीमाने काय करायचं ते टप्प्याटप्प्याने सांगावं आणि तिच्या हातून करून घ्यावं, अशी वाट त्यांनी काढली. पडद्याचाही मान राहिला आणि जीवही वाचला.

पुढे १४६५ मध्ये तुर्कस्तानातल्या अमास्या इथल्या शरफुद्दीन साबुंजुओग्लू यांनी जहरावींच्या ग्रंथावर आधारलेली जर्राहीची किताब तुर्कीत लिहिली. तिच्या रंगीत चित्रांत बायकांवर इलाज करणाऱ्या स्त्री हकीमही दाखवल्या आहेत. तेव्हा आपल्या मुलींना डॉक्टर करायचं की नाही, यावर आज घराघरांत वाद घालणाऱ्यांनी ती चित्रं एकदा पाहावीत.

शेवट आणि नंतर

जहरावींच्या म्हातारपणी अंदलुसची घडी विस्कटली. १००९ पासून यादवी पेटली. १०१० मध्ये मदीनतुज्-जहरा लुटलं गेलं आणि जाळलं गेलं. कुर्तब्याला वेढा पडला आणि १०१३ मध्ये तेही पडलं. त्याच सुमारास, १०१३ मध्ये, जहरावींचा इंतकाल झाला असं मानलं जातं. जे नगर त्यांच्या जन्मासोबत उभं राहिलं, ते त्यांच्याबरोबरच संपलं. त्या नगराचे अवशेष आता उकरून काढले आहेत आणि २०१८ मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला.

नगर गेलं, किताब राहिली. बाराव्या शतकात तुलैतुला, म्हणजे टोलेडो, इथे क्रेमोनाच्या जेरार्ड यांनी तिसाव्या भागाचा लॅटिन अनुवाद केला. फ्रान्सचे मोठे शल्यवैद्य गी द शोलियाक यांनी १३६३ मध्ये पुऱ्या केलेल्या आपल्या ग्रंथात जहरावींचा दोनशेहून जास्त वेळा आधार घेतला. १४९७ मध्ये व्हेनिसला ती छापली गेली. १७७८ मध्ये ऑक्सफर्डला अरबी मजकूर लॅटिनसह निघाला आणि १९७३ मध्ये इंग्रजी अनुवाद आला. आपल्या देशातही पाटण्याच्या खुदाबख्श ग्रंथालयात या किताबीचं जुनं सचित्र हस्तलिखित जपून ठेवलेलं आहे. कधी बिहारला जाणं झालं तर मुलांना घेऊन जरूर जावं.

आणि योगायोग पाहा. फुगलेल्या नसेत औषधाचा फेस सोडून ती बंद करण्याच्या आजच्या पद्धतीचा पाया घालणाऱ्यांत १९९० च्या दशकातले डॉ. काब्रेरा होते. ते ग्रनाडाचे, म्हणजे त्याच जुन्या अंदलुसचे. आज फेस आहे, लेसर आहे, रेडिओलहरींची उष्णता आहे. लेसरमध्ये सोनोग्राफीवर पाहत, सुईच्या छिद्रातून नसेत बारीक तार सरकवतात. भोवती भुलीचं पाणी सोडतात आणि उष्णतेने नस आतूनच बंद करतात. रक्त मग खोलवरच्या चांगल्या नसांतून आपली वाट धरतं. प्रत्येक पायाला एकच इलाज लागू होत नाही, खोलच्या नसांत गाठ तर नाही ना ते आधी तपासावं लागतं. पण तपासणीच टाळली तर सगळे इलाज फोल.

आमच्या खालांची जखम पट्ट्या आणि घट्ट मोज्यांनी हळूहळू भरत आली. कातडीवरचा काळा डाग मात्र गेलेला नाही, तो बहुधा राहीलच. सुरुवातीलाच दाखवलं असतं तर तो पडलाही नसता. थोरामोठ्यांची नावं घेऊन आपण जलशात टाळ्या वाजवतो. जहरावींच्या नावाची खरी कदर करायची असेल तर आज घरी अम्मीला, खालांना, फुफींना एकदा पायांबद्दल विचारा. पाय जड होतात का, घोट्याजवळ कातडी काळी पडलीय का, जखम आहे का. उत्तर हो आलं तर लेडी डॉक्टर शोधा, सोबत जा, पण जा. हजार वर्षांपूर्वी जहरावींनी बायकांच्या इलाजासाठी वाट काढली. आजच्या काळात ती वाट कितीतरी सोपी आहे.